कोरड्या हातांचं पाप

हात पहिला: बाबांचा

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. छपरांवर माणसं, ओट्यांवर माणसं, बंद भट्टीच्या धुराड्याला मिठी मारून लोंबकळणारी माणसं. मधोमध दोघे ओतारी लांब दांड्यांच्या चिमट्यात मूस धरून उभे होते. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. आतलं पितळ लख्ख पिवळं झालं होतं आणि तोंडाशी पांढरा धूर धरला होता. त्यांनी मूस कलती केली. जाड, चमकती धार खालच्या रेतीच्या साच्यात पडू लागली.

बाबा पुढे आले. अंगात जाड, लांब बाह्यांचा झगा. त्यांनी बाहीतून उजवा हात काढला आणि कुणाच्या थोबाडीत द्यावी तसा त्या धारेत हाणला. धार फुटली. ठिणग्या पुढच्या रांगेवर उडाल्या, एकाच्या गालाला चटका बसला, तर तो पठ्ठ्या धन्य होऊन रडायलाच लागला. बाबांनी हात वर धरला. पाचही बोटं शाबूत. फोड नाही, लाली नाही.

गल्ली नळ ओतणाऱ्यांची. पिढ्यान्‌पिढ्या पितळाशी खेळलेली. पितळ हाताचं काय करतं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणूनच तर सगळे गार पडले.

बाबा बोलू लागले. धातू माणूस ओळखतो, म्हणाले. बँक ओळखत नाही, साहेब ओळखत नाही, बायकोसुद्धा कधी कधी ओळख विसरते (इथे हशा). पण पितळ विसरत नाही. ज्याचं मन निर्मळ, त्याला पितळ गार. ज्याला पितळ गार, त्याच्या घरी भरभराट. आणि भरभराट नाही, त्याने देवाला दोष देऊ नये, आपलं मन तपासावं.

कानाला गोड लागणारं गणित होतं. श्रीमंत तो पुण्यवान, आणि पुण्यवान कोण ते ओळखायचं कसं, तर तो श्रीमंत असतो. कुत्र्याने आपलंच शेपूट धरून गोल फिरावं आणि बघणाऱ्यांनी म्हणावं, वा, काय प्रगती आहे!

पण त्या गोलात गल्ली भरडली जात होती. कारण पूर्वी बडा व्यापारी दारोदार फिरून नळांचं काम द्यायचा. आता सगळं काम बाबांच्या सभेकडे यायचं आणि सभा ते वाटायची. वाटा फक्त त्याला, ज्याने परीक्षेला उभं राहून धारेत हात घातला आणि ज्याचा हात पितळाने ओळखला.

गर्दीच्या कडेला डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांचा दवाखाना चौकाच्या तोंडाशी, म्हणून प्रत्येक परीक्षेनंतर जळलेला हात आधी त्यांच्याचकडे यायचा. आज त्यांचं लक्ष बाबांकडे नव्हतं. पुढच्या रांगेत त्यांची धाकटी बहीण उभी होती. बाबांनी बोट उचललं आणि तिच्यावर रोखलं.

"पुढच्या ओतणीला तू, माय. नवऱ्याने घालवलेली अब्रू बायकोच परत आणते."

बहिणीने मान डोलावली. आनंदाने.

हात दुसरा: मेहुण्याचा

त्याबद्दल थोडक्यात, कारण तो बघवत नाही.

डॉक्टरीणबाईंचा मेहुणा दोन महिन्यांपूर्वी धारेसमोर उभा राहिला होता. तळव्याचं कातडं धारेबरोबर गेलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकमेकांना चिकटून बरी झाली. पट्ट्या बदलताना तो ओरडायचा नाही. मी पापी, मी पापी, असं पुटपुटायचा, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. त्याचा वाटा गेला, भट्टी थंडावली.

मग त्याला एक सोयीचा शोध लागला. आपलं मन स्वच्छच होतं, मळ बायकोच्या मनात होता. हा शोध लागल्यापासून तो बायकोला मारत असे. डावा हात शाबूत होता आणि सध्या तेवढ्याचसाठी वापरात होता.

हात तिसरा: पाझरचा

पाझर हे काही त्याचं खरं नाव नाही. त्याच्या तळहातांना अष्टौप्रहर घाम. हस्तांदोलन केलं की समोरचा माणूस हात पँटला पुसायचा. डॉक्टरीणबाई त्याला कितीतरी वर्षं त्यावर मलम देत होत्या, गुण शून्य.

माणूस म्हणाल तर इरसाल. पितळात शिसं मिसळायचा, साल्याच्या घराचे पत्रे विकून मोकळा झाला होता, आणि सख्ख्या आईला जेवायला घालताना तोंडाने घास मोजायचा. हा परीक्षेला उभा राहिला तेव्हा लोक पैज लावून बघायला आले होते, हात किती जळतो याची. त्याने डोळे मिटून धारेत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. साधी लालीसुद्धा नाही.

बाबांचा चेहरा क्षणभर असा झाला, जणू ताटात कुणी खडा वाढला. मग त्यांनी पाझरला मिठी मारली आणि गुप्त संत म्हणून जाहीर केलं. संताला वाटा मिळाला. संताने त्या नळांतही शिसं घातलं.

गल्लीने यावर विचार केला नाही. डॉक्टरीणबाईंनी केला. इतके भले लोक जळाले आणि हा हरामखोर वाचला, तर पितळ मन ओळखत नाही हे नक्की. मग ते काय ओळखतं?

त्या पाझरच्या कारखान्यात गेल्या. तो मुशीत शिशाच्या चकत्या टाकत होता. बाईंना बघून त्याने त्या धोतरात लपवल्याच्या थाटात मागे सरकवल्या. बाईंनी विचारलं ते भलतंच: परीक्षेआधी हात कशाने पुसतात?

आता हे सांगायला हवं. परीक्षेआधी बाबांचा एक माणूस उमेदवाराचे हात टॉवेलने पुसायचा आणि त्यांवर राख चोळायचा. सगळे त्याला टॉवेलवाला म्हणत. यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं, उलट गल्लीला ते फार पटलं होतं. कारण ओताऱ्याचा पहिला धडाच तो: पाणी आणि पितळ यांची भेट नको. ओल्या साच्यात धातू पडला तर खाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, ती वाट शोधते, आणि साचा बाँबसारखा फुटतो. त्यात या गल्लीने डोळे गमावले होते, माणसं गमावली होती. चौकात पाण्याची बादलीसुद्धा आणायची नाही, असा नियम. ओतणीआधी कपाळाचा घामही पुसायचा. मग देवाच्या परीक्षेला हात कोरडेठाक असावेत, हे ओघानेच आलं.

पाझर म्हणाला, "टॉवेल गरम होता, बाई. छान वाटलं. पण माझे हात तुम्हाला ठाऊकच. राखेचा चिखल झाला. टॉवेलवाला तीनदा पुसून कंटाळला."

"आणि तुझ्याआधी जे पास झाले? ज्यांनी बाबांच्या पायावर आधीच सगळं वाहिलं होतं?"

पाझरने डोकं खाजवलं. त्यातला एक जण बोलला होता खरा, टॉवेल कसा गारेगार होता म्हणून. बाबांचा हातही तसाच की. डोक्यावर ठेवला की बर्फाची लादी. शांतीचा गारवा म्हणतात त्याला.

डॉक्टरीणबाई तशाच घाईने घराकडे निघाल्या.

हात नसलेला भाग: मांसाचे दोन तुकडे

घरी तापल्या तव्यावर त्यांनी पाण्याचा थेंब टाकला. तवा कोमट होता तेव्हा थेंब चर्र करून संपला. तवा भडकला तेव्हा थेंब मरेना. मोत्यासारखा गोल होऊन इकडून तिकडे पळत सुटला, कारण त्याच्या पोटाखाली त्याचीच वाफ झाली होती आणि तो त्या वाफेच्या गादीवर बसून होता. प्रत्येक स्वयंपाकघरात रोज घडणारी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी त्या पाझरकडे परत गेल्या, सोबत मांसाचे दोन तुकडे घेऊन. एक पाण्यात बुडवला, दुसरा पुसून राखेत घोळवला. पाझरने मूस उचलायलाच नकार दिला. पाणी आणलंय तुम्ही, मेलो आपण दोघं. शेवटी शिशाबद्दल तोंड उघडीन अशी धमकी दिल्यावर तो तयार झाला.

ओला तुकडा चिमट्यात धरून धारेतून झपकन काढला: कच्चाच. कोरडा काढला: काळा, धुमसता, आणि कारखानाभर जळकट वास. तोच वास बाईंनी मेहुण्याच्या हाताला घेतला होता.

मग त्यांनी ओला तुकडा पुन्हा भिजवून धरला, या वेळी जरा जास्त रेंगाळून. तोही जळाला. म्हणजे वाफेची ढाल डोळ्याचं पातं लवेपर्यंत. त्यापुढे ढाल नाही.

पाझर आपले तळहात उलटेपालटे करून बघू लागला. मग हिरमुसून म्हणाला, "म्हणजे मी संत नाही?"

हात चौथा: बहिणीचा

बहीण साचे भरायची. रेती इतकी बारीक दाबायची की तिच्या साच्यातून निघालेला नळ घासावा लागत नसे. घरात येणारा प्रत्येक घास त्या उजव्या हातातून येत होता, भट्टी थंड झाल्यावरही, कारण ती आता दुसऱ्यांचे साचे भरत होती. तोच हात ती ओतणीला देणार होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं सांगितलं. टॉवेल, तवा, मांस. ती रेती दाबत राहिली. तिच्या कानामागे नवा काळानिळा डाग होता.

"ताई, तू शिकलीस. तुला सगळ्याला कारण सापडतं. माझा नवरा जळला त्याला कारण नाही असं म्हणतेस?"

"कारण आहे. टॉवेल आहे."

"टॉवेल." ती हसली. "चांगला धडधाकट संसार एका टॉवेलने गेला, हे पटवून घेऊ मी? त्यापेक्षा पाप बरं गं. पाप धुता येतं."

तेवढ्यात मेहुणा आत आला. मेहुणीबाई पुन्हा बायकोचं मन नासवायला आल्या, एवढंच तो बोलला आणि डाव्या हाताने बायकोच्या तोंडात भडकावली. मेहुणीसमोर. डॉक्टरीणबाईंनी त्याचं मनगट धरलं, तर त्याने त्यांना साच्यांच्या फळीवर ढकललं. दिवसभराचे साचे फुटले. आणि बहिणीने उठून काय केलं, तर नवऱ्याला पाणी दिलं.

(इथे हात मोजता येत नाहीत)

ओतणीचा दिवस. भर दुपार. डॉक्टरीणबाई मांसाची पिशवी घेऊन रिंगणात शिरल्या. बाबांनी गोड हसून विचारलं, औषधं संपली वाटतं, आता कृपा हवी?

बाईंनी तुकडे वर धरले आणि बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील. टॉवेलवाल्याने पिशवी हिसकली, तुकडे गर्दीवर भिरकावले आणि ओरडला, पवित्र जागी मांस आणलंय. गर्दीला एवढं पुरतं. कुणीतरी केस धरले, कुणीतरी पाठीत लाथ घातली. लोखंडी गज डाव्या खांद्यावर पडला तेव्हा हाड बोललेलं त्यांनी स्वतः ऐकलं. चष्मा पायाखाली गेला. मारणारे अनोळखी नव्हते, हे त्यांना जमिनीवरूनही दिसलं. त्यातल्या अर्ध्यांची पोरं त्यांच्याच हातांनी जगात आली होती.

आणि त्या पायांमधून त्यांना पलीकडचं दिसत होतं. टॉवेलवाला बहिणीचा हात पुसत होता. टॉवेलातून ऊब निघत होती. मग राख, बोटाबोटांत, अगदी प्रेमाने. ओताऱ्यांनी मूस कलती केली. धार सुटली. धार एकदा सुटली की साचा भरेपर्यंत थांबवायची नाही, नाहीतर ओतकाम फुकट. बहिणीने हात उचलला.

डॉक्टरीणबाईंच्या डॉक्टरी कोटाच्या खिशात पाण्याची बाटली होती. त्यांनी ती दातांनी उघडली, उजव्या हातावर ओतली आणि तो निथळता हात वर धरून उभ्या राहिल्या.

"पाणी," कुणीतरी म्हणालं.

मारणारे, ओरडणारे, गजवाले, सगळे एकदम मागे हटले. गल्लीतल्या कुठल्याही देवापेक्षा ती भीती जुनी होती. माणसं एकमेकांना तुडवत भिंतींना जाऊन चिकटली. समोर मोकळी वाट झाली. बाई धावल्या, बहिणीला खांद्याने बाजूला पाडलं आणि धारेत हात मारला.

धार फुटली. ठिणग्या. एवढंच.

त्यांनी हात पुढे केला. पाचही बोटं.

मागे साच्यात धातू भरत होता. बाई धापा टाकत बोलल्या, आणि भाषण वगैरे नाही, तुटक. पाणी धातूखाली अडकलं तर मारतं. हातावर मोकळं असलं तर त्याची वाफ होते आणि ती वाफ पातं लवेपर्यंत मध्ये उभी राहते. तुम्हाला हे कळणं शक्यच नव्हतं, कारण तुमचा धंदा तुम्हाला हात कोरडे ठेवायला शिकवतो. या माणसाने तुमची तीच चांगली सवय उचलली आणि तिनेच तुम्हाला भाजलं. ज्याला काम द्यायचं त्याला ओला टॉवेल, ज्याचं काढून घ्यायचं त्याला कोरडा. आणि यांचा स्वतःचा हात कायम गार का?

त्यांनी बाबांची बाही धरली आणि पिळली.

आतल्या जाड अस्तरातून पाणी गळालं. साच्याच्या कडेला सांडलेल्या तापल्या पितळावर थेंब पडले आणि मोती होऊन पळत सुटले. गल्लीने ते पाहिलं. इतके दिवस हा माणूस मुशीच्या तोंडाशी बाहीभर पाणी घेऊन उभा राहत होता, आमच्या पोरांच्या अंगावर. भक्ती संपायला तेवढा एक थेंब पुरला.

बाबा म्हणाले, "बाळांनो, हे तीर्थ आहे."

पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. टॉवेलवाल्याचे दात त्याच्याच टॉवेलात पडले. झगा फाटला. एक म्हातारी पायदळी आली आणि तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. मेहुण्याने बाबांचा उजवा हात धरला, आपल्या सदऱ्याला पुसला, एकदा, दोनदा, नीट, वर मुठीने राख चोळली. डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, नको, कळलंय सगळ्यांना, नको. ओताऱ्यांच्या मुशीत थोडं पितळ उरलं होतं. मूस कलती झाली. ती कुणी कलती केली, हे नंतर कुणीच सांगितलं नाही.

बाबा जे ओरडले त्यात एकही शब्द नव्हता.

तो हात पुन्हा डॉक्टरीणबाईंकडेच आला. मोडक्या खांद्याने, चष्म्याशिवाय, त्यांनी तो धुतला आणि बांधला. बाहेर दगड पडत होते, त्यांनी दार लावून घेतलं. पट्टी बांधता बांधता त्या बाबांना म्हणाल्या, मी तुम्हाला वाचवू शकले नाही याचं मला वाईट वाटतं, आणि वाटतंय म्हणून स्वतःचा रागही येतोय. बाबांनी पाणी मागितलं. त्यांनी पाजलं.

हात शेवटचा

दार उघडलं तेव्हा दगड थांबले होते. गल्ली दवाखान्यासमोर बसली होती. गुडघ्यांवर. पहिल्या रांगेत मेहुणा, भाजका हात पुढे धरून. बाई, एकदा तुमचा हात यावरून फिरवा. मागून एका ओताऱ्याने भीत भीत विचारलं, की आता व्यापाऱ्याचं काम कुणाला किती, हे तुम्हीच ठरवणार ना? तुमच्या हाताला पितळाने ओळखलंय.

डॉक्टरीणबाईंना खांद्यातल्या कळेपेक्षा हे जास्त लागलं. मघाशी मारलं तेव्हा निदान ते त्यांना माणूस समजत होते.

गर्दीतून बहीण पुढे आली. ती गुडघ्यांवर नव्हतीच, कोपऱ्यात उभी होती. तिने जवळ येऊन ताईचा उजवा हात उलटा केला. मनगटाजवळ, जिथे पाणी पोचलं नव्हतं, तिथे रुपयाएवढा फोड आला होता.

"ताई, हात घातलास तेव्हा भीती वाटली?"

"मुतायची वेळ आली होती."

काही लोक हसले. बहीण नाही हसली. तिने तो हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"बघा. देवीला फोड येत नाही, आणि देवीला भीती वाटत नाही. ही बाई आहे. हिने विचार केला, मांस भाजून बघितलं, मग हात घातला. पाणी जिथे नव्हतं तिथे भाजली. उद्या तुमच्यातला कुणी ओला हात करून शूरपणा दाखवायला गेला आणि जरा रेंगाळला, तर तोही भाजेल. कुणी घालायचाच नाही हात. हात काय धारेत घालायला आहेत?"

मग ती नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही.

"तुमच्या मनात मळ नव्हता. माझ्याही नव्हता. तुमचा हात कोरडा होता, बस. आणि हा दुसरा, शाबूत हात आता माझ्या अंगावर आला, तर त्याला मात्र देवाचं कारण मिळणार नाही."

मेहुण्याने डावा हात मांडीखाली घेतला. ओतारी तसाच गुडघ्यांवर होता. कामाच्या वाटणीचं काय, त्याने पुन्हा विचारलं. पोटाचा प्रश्न होता, तो चमत्काराने सुटत नाही आणि चमत्कार फुटल्यानेही सुटत नाही.

यावर डॉक्टरीणबाई बोलल्या. बाबा आल्यावर गल्ली श्रीमंत झाली असं तुम्ही म्हणता. गल्लीतून जाणारे नळ वाढले का? उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. काम तेवढंच होतं. काही दारांना रंग लागला, कारण शेजारची दारं बंद पडली. ज्याला शेजाऱ्याचा घास मिळाला तो म्हणाला, देव पावला. ज्याचा गेला तो म्हणाला, मी पापी. देव असेल तर असो, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण पोट भरलं म्हणून कुणी पुण्यवान होत नाही आणि उपाशी राहिला म्हणून पापी होत नाही. भरभराट कुठून आली हे विचारायला शिका. कुणाच्या घरातून आली, हेही विचारा. जो हा प्रश्न विचारू देत नाही, तो कुठल्याही झग्यातला असो, लबाड आहे असं समजा.

"व्यापारी आपल्याकडे यायचा," बहीण म्हणाली, "कारण आपले नळ गळत नव्हते. हल्ली गळतात." आणि तिने पाझरकडे पाहिलं. पाझरने दोन्ही तळहात सदऱ्याला पुसले.

मग एकेक जण उठला. गुडघ्यांवरची धूळ झटकण्याचा आवाज झाला, फार मोठा नाही. कुणीतरी पायदळी आलेल्या म्हातारीला उचलून दवाखान्यात आणलं. कुणीतरी व्यापाऱ्याकडे कोण कोण जाणार, असं विचारलं, आणि लगेच वाद सुरू झाला, नेहमीचा, घरगुती, शिव्यांसकट.

डॉक्टरीणबाई म्हातारीच्या पायाला फळी बांधायला वाकल्या. एका हाताने जमेना. बहिणीने न सांगता फळीचं दुसरं टोक धरलं.